‘व्हेरी गुड’च्या पुढचं इंग्रजी

साताऱ्यातल्या नाहीतर सांगलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, टेबलावर स्पायरल बायंडिंग केलेली एक झेरॉक्स हमखास सापडेल. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, एकूण हजार नाहीतर दोन हजार. पहिली दहा-बारा पानं हायलायटरनं पिवळी झालेली, पुढची कोरी करकरीत. यादी इंग्रजी वर्णक्रमानं असते, त्यामुळे ‘ए’ आणि ‘बी’चे शब्द तोंडपाठ, ‘एम’च्या पुढे आनंदीआनंद. ‘अबेट’, ‘अ‍ॅबेरेशन’, ‘अ‍ॅक्रिमनी’ असले शब्द घडाघडा म्हणणारा मुलगा ‘नळाला फडकं गुंडाळलं तरी पाणी ठिबकतंय’ एवढं मात्र इंग्रजीत सांगू शकत नाही.

मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं झाली. तरी पाऊस ‘व्हेरी हेवी’, जेवण ‘व्हेरी टेस्टी’, सहल ‘व्हेरी नाइस’ आणि मुख्याध्यापक ‘व्हेरी गुड’. यावर उपाय म्हणून आपल्याकडे अवघड शब्दांची यादी हातात दिली जाते, आणि आमचा आक्षेप नेमका त्यावर आहे. इंग्रजी बोलकं होतं ते नेमक्या, बऱ्याचदा अगदी छोट्या क्रियापदांनी आणि विशेषणांनी, शिवाय त्यांची संगत कुणाशी जमते हे कळल्यानं. शाळा, क्लास आणि भरती परीक्षा या तिघांनी मिळून मुलांना उलट्या वाटेला लावलं आहे.

आधी आकड्यांचा हिशेब. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षक अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देत होते. त्यांची सर्वाधिक उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी 1953 साली निघाली. त्यात सुमारे 2000 शब्दकुळं आहेत. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं. साध्या इंग्रजी मजकुरातले साधारण 80 टक्के शब्द एवढ्यात येतात. पुढे 2000 साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी उच्च शिक्षणाच्या पुस्तकांतून 570 कुळं निवडली आणि अशा पुस्तकांतला आणखी 10 टक्के भाग त्यांतून सुटतो असं दाखवलं. म्हणजे अडीच हजार कुळांवर पक्की मांड असेल तर विलिंग्डन कॉलेजात काय किंवा छत्रपती शिवाजी कॉलेजात काय, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले दहापैकी नऊ शब्द ओळखीचे निघतात. ‘अ‍ॅक्रिमनी’ या अडीच हजारांत नाही. ‘ड्रिप’, ‘लीक’, ‘पॅच’ यांच्यासारखे शब्द मात्र रोज हाताशी लागतात आणि तेच नेमके ठाऊक नसतात.

मिरजेचं उदाहरण घेऊ, कारण तिथं शब्दाची किंमत सगळ्यात लवकर कळते. पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले रुग्ण मिरजेच्या दवाखान्यांत येतात आणि दुखण्याचं वर्णन अगदी बारकाईनं करतात. गळू ठुसठुसतं, दाढ ठणकते, कंबरेतून पायात चमक जाते, पोटात मुरडा येतो, छातीवर दडपण येतं, लघवीला आग होते, काटा सलतो. केसपेपरवर हे सगळं ‘पेन’ होऊन उतरतं. फार तर ‘सिव्हिअर पेन’. इंग्रजीत शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदना मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत आणि प्रत्येक गटात सौम्यापासून तीव्रापर्यंत चढ आहे. दाढेचा ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’, कंबरेतली चमक म्हणजे ‘शूटिंग’, मुरडा म्हणजे ‘क्रॅम्पिंग’, छातीचं दडपण म्हणजे ‘प्रेसिंग’. आगीचा गट तर ‘हॉट’, ‘बर्निंग’, ‘स्कॉल्डिंग’, ‘सिअरिंग’ असा पायरीपायरीनं चढत जातो. कंबरेतून पायात ‘शूटिंग’ वेदना गेली की डॉक्टर नसेकडे बघतो, ‘डल’ म्हटलं तर स्नायूकडे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला असे वीस शब्द नीट आले, तर यादीतल्या पाचशे शब्दांपेक्षा ते तिच्या जास्त उपयोगाचे.

तासगावच्या बेदाण्याचंही तेच. परगावच्या खरेदीदाराला ‘गुड क्वालिटी, बेस्ट टेस्ट’ असा मेल गेला, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण प्रत्येक विकणारा हेच लिहितो. त्याला हवं असतं ते वेगळंच. दाणा फुगीर आहे, म्हणजे ‘प्लम्प’, की सुरकुतून गेलाय, म्हणजे ‘श्रिव्हल्ड’? रंग सगळ्या खोक्यात सारखा, म्हणजे ‘यूनिफॉर्म’ आहे का? दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत का? असतील तर ‘क्लम्प्ड’. दाण्याला बारीक देठ राहिलाय का? त्याला व्यापारात ‘कॅपस्टेम’ म्हणतात. हा एक शब्द माहीत नसला की ‘स्मॉल स्मॉल वुड इज देअर’ असं काहीतरी लिहिलं जातं आणि समोरच्याला वाटतं, मालात काड्या-कचरा आहे. यातला एकही शब्द भारदस्त नाही. पण माल न बघता तो डोळ्यांसमोर उभा करायची ताकद यांच्यातच आहे. ‘एक्सप्रेसिव्ह व्होकॅब्युलरी’ म्हणून क्लासच्या फलकावर जे लिहिलेलं असतं ते खरं म्हणजे हे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मराठी माणसाचं इंग्रजी सपाट होतं त्याला व्याकरणातलंच एक कारण आहे आणि ते वर्गात कुणी सांगत नाही. मराठीत क्रिया कशी झाली हे बहुतेक वेळा क्रियापदाच्या बाहेर असतं. ती तरातरा निघून गेली, म्हातारा पाय ओढत चालला, पोरं रमतगमत आली, ती ढसाढसा रडली, तो खो खो हसला. क्रियापदं साधीच, जाणं, चालणं, येणं, रडणं, हसणं. रंग भरतात ते ‘तरातरा’, ‘ढसाढसा’ हे शब्द. इंग्रजीत हा रंग क्रियापदाच्या पोटातच असतो. त्यामुळे मराठी वाक्य मनात धरून इंग्रजी लिहिणारा ‘वॉक्ड’ लिहितो, मग ‘तरातरा’ला शब्द शोधतो, तो सापडत नाही, म्हणून ‘व्हेरी फास्ट’ टाकतो. तरातरा निघून जाण्यात वेग असतोच, पण राग मुख्य. इंग्रजीत त्याला ‘स्टॉर्म्ड आउट’. पाय ओढत चालणं ‘शफल’, चिखलातून थकून जड पावलांनी जाणं ‘ट्रज’, रमतगमत जाणं ‘स्ट्रोल’, लंगडणं ‘लिम्प’, झोकांड्या खात जाणं ‘स्टॅगर’, दबक्या पावलांनी जाणं ‘टिपटो’.

बघण्याचं घ्या. टक लावून बघणं ‘स्टेअर’, डोळे वटारणं ‘ग्लेअर’, डोकावणं ‘पीप’, ओझरतं बघणं ‘ग्लान्स’, डोळे बारीक करून बघणं ‘स्क्विंट’. बोलण्याचं ‘मटर’, ‘व्हिस्पर’, ‘स्नॅप’, ‘मम्बल’. रडण्याचं ‘सॉब’, ‘व्हिम्पर’, ‘वेल’. यातले बहुतेक शब्द एका अवयवाचे (म्हणजे एका सिलेबलचे), तीन ते सहा अक्षरांचे, आणि इंग्रज लहान मूल आठव्या-नवव्या वर्षी ते सहज वापरतं. आपल्याकडे एम.ए. झालेल्यालाही ते अडतात, कारण स्पर्धा परीक्षेच्या यादीत ‘स्क्विंट’ कधी येत नाही. अशी दीडशे क्रियापदं नीट बसवली, तर निबंधातलं अर्धं ‘व्हेरी’ आपोआप गळतं. मराठी चांगली असलेल्या मुलाला हे लवकर जमतं. ‘पुटपुटणं’ आणि ‘कुजबुजणं’ यातला फरक ज्याला घरातूनच ठाऊक आहे, त्याला ‘मटर’ आणि ‘व्हिस्पर’ वेगळे करून सांगावे लागत नाहीत. ‘इंग्रजी सुधारायचं असेल तर घरात मराठी बंद करा’ असा सल्ला देणारे मुलाच्या पायाखालची फळीच काढून घेतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘व्हेरीऐवजी हे वापरा’ छापाच्या तक्त्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं. ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी हॅपी’ऐवजी ‘एक्स्टॅटिक’. तक्ता दिसायला सोयीचा, पण त्यात चढाची पायरी सांगितलेली नसते. ‘एक्स्टॅटिक’ म्हणजे आनंदानं बेभान. पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करताना ‘आय अ‍ॅम एक्स्टॅटिक टु अप्लाय’ लिहिलं, तर वाचणारा साहेब खुर्चीतून मागे सरकेल. तिथं ‘ग्लॅड’ पुरे. दुसरी चूक म्हणजे या टोकाच्या शब्दांना पुन्हा ‘व्हेरी’ जोडणं. ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ कानाला खटकतं, ‘अब्सोल्यूटली एक्झॉस्टेड’ किंवा ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’ चालतं. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती शब्दाच्या वासाची आहे. ‘थिन’ म्हणजे बारीक, ‘स्लिम’ म्हणजे शेलाटा, ‘स्किनी’ म्हणजे काटकुळा, ‘गॉन्ट’ म्हणजे आजारानं नाहीतर उपासमारीनं खंगलेला. समानार्थी शब्दांच्या कोशात हे चारही शेजारी शेजारी असतात. रॉजे यांनी 1852 साली असा पहिला मोठा कोश काढला तो कल्पनांचे गट पाडून. गटातला कुठलाही शब्द कुठंही टाकावा असं त्यात अभिप्रेत नाही. ‘प्रसिद्ध’ म्हणून ‘नोटोरिअस’ उचलला आणि स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांची ओळख करून दिली, तर बिचारे समाजसेवक कुप्रसिद्ध होऊन बसतात.

शब्दाची संगत हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी 1957 साली हाच मुद्दा मांडला, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. (हे फर्थ 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.) कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नकोच. ऊस तोडतात, भात कापतात, भुईमूग उपटतात, हळद काढतात. ‘भुईमूग तोडला’ म्हणणारा शहरी पाहुणा लगेच ओळखू येतो. इंग्रजीतही ऊस ‘कट’ होतो, द्राक्षं ‘पिक’ होतात, हळद ‘डिग अप’ होते. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, रहदारीही ‘हेवी’, पण चहा ‘स्ट्राँग’. याला कारण विचारू नये, जोडी लक्षात ठेवावी. म्हणून वहीत सुटा शब्द कधीच लिहू नये, जोडी लिहावी. ‘डिसिजन’ न लिहिता ‘रीच अ डिसिजन’, ‘अटेन्शन’ न लिहिता ‘पे अटेन्शन’.

इथं शब्दार्थाची वही आड येते. पाठाच्या सुरुवातीला फळ्यावर वीस शब्द, समोर एकेक मराठी अर्थ, मुलांनी उतरवून घ्यायचे, सरांनी सही करायची. या वहीनं काय बिघडतं? एक, शब्दाला एकच अर्थ असतो असं मनात बसतं. दोन, वही इंग्रजीकडून मराठीकडे जाते, आणि लिहिताना-बोलताना मुलाला नेमका उलटा प्रवास करायचा असतो. तीन, ही वही परीक्षेच्या आदल्या रात्रीशिवाय उघडत नाही. चार, सारखे शब्द एकत्र पाठ करायला लावले जातात. या शेवटच्या मुद्द्यावर प्रयोग झालेले आहेत. टिंकहॅम यांनी 1993 साली आणि वेअरिंग यांनी 1997 साली दाखवलं, की अर्थानं जवळचे नवे शब्द एकाच बैठकीत शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि वेगवेगळे शिकवण्यापेक्षा जास्त वेळ घेतात. म्हणून वर दिलेली बघण्याची पाच क्रियापदंही एका दिवशी पाठ करायची नाहीत. आज ‘स्टेअर’, पुढच्या आठवड्यात ‘ग्लेअर’, आणि दोन्ही पक्के झाल्यावर शेजारी ठेवून तुलना.

वहीच्या जागी खोकं आणावं. 1972 साली सेबास्टियन लाइटनर यांनी सांगितलेली ही पद्धत, खर्च जवळपास शून्य. बुटाच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. जाड कागदाचे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे कापायचे. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग, ‘ऊसतोड मजूर चिखलातून जड पावलांनी फडाबाहेर पडले’. मागच्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य, ‘द केन कटर्स ट्रज्ड आउट ऑफ द मडी फील्ड’, मुख्य शब्दाखाली रेघ आणि आघात कुठल्या अवयवावर आहे त्याची खूण. आघाताची खूण आळसानं टाळू नये. ‘कम्फर्टेबल’ आपण चार अवयवांत सरळसोट म्हणतो, इंग्रज तो ‘कम्फ्टबल’ असा तीन अवयवांत, पहिल्यावर जोर देऊन म्हणतो. शब्द येतो पण समोरच्याला कळत नाही, याचं कारण बहुधा हेच असतं.

पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. दिवसाला नवी कार्डं पाचच, रविवारी एकही नाही. आठवड्याला तीस, वर्षाला दीड हजार, तेही रोजच्या कामातून वेळ काढून. जोशात सुरुवात करणारा पहिल्याच आठवड्यात शंभर कार्डं करतो, पहिला कप्पा फुगतो, रोजची उजळणी दहा मिनिटांवरून पाऊण तासावर जाते आणि खोकं माळ्यावर. पहिल्या कप्प्यात चाळिसाच्या वर कार्डं झाली की नवी बंद, हा नियम कडक पाळावा. मोबाइलवर ‘अँकी’ नावाचं अ‍ॅप हेच काम करतं, पण कार्ड स्वतः लिहिण्यातच निम्मं पाठांतर होतं. दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेतली की पुन्हा ती झेरॉक्सच.

शब्द आणायचे कुठून? दोन ठिकाणांहून. एक, आज बोलताना-लिहिताना जो शब्द अडला तो. काम करणाऱ्या मुलांकडे असे शब्द भरपूर असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची ओळख झाली. त्या परंपरेतल्या शाळेत गोठा, खुरपणी, मोटार, गुऱ्हाळ यांचे शब्द इंग्रजीच्या तासाला येत नसतील, तर ते नवलच म्हणायचं. दुसरं ठिकाण वाचन, पण पुस्तक पेलणारं हवं. पॉल नेशन यांच्या 2006 सालच्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय समजून वाचायला मजकुरातले 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, आणि मोठ्यांच्या इंग्रजी कादंबरीसाठी त्याचा अर्थ होतो आठ-नऊ हजार शब्दकुळं. म्हणून चाचणी सोपी ठेवावी. तीनशे शब्दांचं पान उघडा, अनोळखी शब्द मोजा. सहाच्या आत असतील तर वाचा, जास्त असतील तर पुस्तक खाली ठेवा आणि सोपी, टप्प्याटप्प्यांची पुस्तकं घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

यावर हरकत येते ती भरतीवाल्यांची आणि ती खोटी नाही. तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे, त्यात समानार्थी-विरुद्धार्थी असतातच. यादी सोडून कसं चालेल? यादी ठेवावी, पण तिला ‘ओळखण्याचे शब्द’ म्हणावं. चार पर्यायांतून ‘अबेट’ ओळखायला अर्धवट ओळखही चालते, त्यासाठी शेवटचे दोन महिने पुरतात. ‘वापरण्याचे शब्द’ हे दुसरं खातं, आणि ते वर्षभर चालतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. परदेशी जाणाऱ्यांच्या आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या आणि बोलण्याच्या चार निकषांपैकी एक निकष शब्दसंपत्तीचाच आहे, आणि तिथं नेमकेपणा आणि संगत दोन्ही तपासतात. पाठ केलेले भारदस्त शब्द परीक्षकाला पहिल्या मिनिटात कळतात. डॅनियल ओपनहाइमर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर असं दिसलं, की गरज नसताना लांबलचक शब्द वापरणारा लेखक वाचकाला कमी हुशार वाटतो. क्लासच्या जाहिरातीत हे कुणी छापणार नाही.

रोजच्या मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचाही एक गोंधळ आहे. ‘काय पर्सनॅलिटी आहे’ म्हणजे आपल्याकडे उंची आणि बांधा, इंग्रजीत स्वभाव. ‘डॅशिंग’ म्हणजे आपल्याकडे बेधडक, तिकडे रुबाबदार आणि देखणा. ‘पास आउट’ झालो म्हटलं की भारताबाहेरच्या माणसाला वाटतं बेशुद्ध पडलास, आणि तो विचारतो, डॉक्टरकडे गेला होतास का. हे शब्द आपल्याला येतात असंच वाटत असल्यामुळे कुणी कोशात बघत नाही. अशांसाठी खोक्यात वेगळ्या रंगाची कार्डं ठेवावीत.

शाळांकडून अपेक्षा मोठी नाही. पाठातल्या वीस शब्दांपैकी पाच ‘वापरण्याचे’ म्हणून निवडावेत, बाकीचे नुसते समजले तरी पुरे. ‘साठ मुलांचं कोण तपासणार’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. रोज हजेरीपटानुसार दहाच मुलांची कार्डं बघावीत, बाकीच्यांनी शेजाऱ्याची. वर्गाच्या पेटीत सोप्या पायऱ्यांची तीसेक पुस्तकं असावीत. आणि घटक चाचणीत ‘शब्दाचा अर्थ लिहा’ या प्रश्नाऐवजी प्रसंग द्यावा. बैल पुढे, शेतकरी मागे, दिवसभराची नांगरट झालेली, पायाला चिखल. तो घरी कसा आला? एका वाक्यात लिहा. गुणांची वाटणीही ठरवून टाकता येईल. ‘वॉक्ड स्लोली’ला अर्धा गुण, ‘ट्रज्ड होम’ला पूर्ण, आणि ‘पेरॅम्ब्युलेटेड’ला शून्य.